संकष्टीचे मोदक, अकरावीच्या वेळापत्रकाप्रमाणे

आधीच सांगून टाकतो, हे मोदक कुठे मिळतात त्याचा पत्ता किंवा फोन नंबर इथे सापडणार नाही. ते करणाऱ्या अकरावीतल्या मुलीकडे लिहायची परवानगी मागितली तेव्हा उत्तर आलं, "काका, लिहा, पण नंबर नका देऊ. आधीच 27 जण वेटिंगला आहेत, आणि पुढे वार्षिक परीक्षा आहे." हे उत्तरसुद्धा रात्री नऊ ते साडेनऊच्या मधेच आलं, कारण ऑर्डरचे मेसेज बाईसाहेब तेवढाच अर्धा तास बघतात. नऊ एकतीसला पाठवलेल्या मेसेजवर दुसऱ्या दिवशी रात्री नऊपर्यंत निळी खूण उमटत नाही. मी पाहिलंय पाठवून.

गिऱ्हाईक वाढू नये म्हणून परीक्षण लिहिणारा मी पहिलाच असेन.

आमच्याकडे दर संकष्टीला 21 मोदकांचा नैवेद्य, माझ्या आईपासूनचा. लग्नानंतर चौतीस वर्षं तो हिने सांभाळला. मग हिच्या बोटांच्या सांध्यांनी दगा दिला. उकड मळली जायची, पारीही कशीबशी व्हायची, पण कळ्या पाडताना बोटं वळेनात. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, नोटा मोजायला बोटं चालतात, मोदकाला नाही. दोनदा प्रयत्न केला. झालं ते करंजी आणि बटाटेवडा यांच्या मधलं काहीतरी होतं.

मग वर्षभर दुकानातून आणले. ते मोदक साच्यातले. सगळे जुळे भाऊ, पारी इतकी जाड की सारणापर्यंत पोचायला दोन घास लागावेत, आणि गार झाले की रबर. शेवटी आमच्या डोंबिवली पूर्वेतल्याच एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं, "दोन गल्ल्या सोडून एक मुलगी करते. दहावीतली आहे, पण हात चांगला आहे." 25 जून 2024 ची अंगारकी होती. भीत भीत 11 सांगितले.

डबा उघडला आणि आधी वास आला तो हळदीच्या पानाचा. मोदक पानावरच ठेवून उकडलेले, त्यामुळे प्रत्येकाच्या बुडाला पानाच्या शिरांचा ठसा. हिने चष्मा लावला, एक मोदक तळहातावर घेतला आणि कळ्या मोजल्या. पंधरा. दुसरा घेतला, त्याच्या सतरा. म्हणजे हाताचेच. पारी इतकी पातळ की आतल्या सारणाचा पिवळसर रंग बाहेरून दिसत होता, तरी कुठे तडा नाही. वरचं टोक नीट मिटलेलं, किंचित एका बाजूला कललेलं. सगळ्यांचं त्याच बाजूला. ही म्हणाली, "मुलगी डावखुरी आहे." होती.

चवीचं सांगायचं तर गूळ बेताचा. वेलची आहे, जायफळ आहे, पण जायफळ पुढे पुढे करत नाही. खसखस भाजून घातलेली. पिठी आंबेमोहोराची. तूप आपण वरून घालायचं, ती घालून देत नाही, कारण डब्यात तूप थिजतं आणि मोदक तेलकट दिसतो असं तिचं म्हणणं. बरोबर आहे ते. मीठ मात्र माझ्या मते चिमूटभर कमी पडतं. हे मी तिला तीनदा सांगितलं, तिने तीनदा "हो काका" म्हटलं आणि मीठ आहे तेवढंच आहे.

आता तिच्या नियमांकडे येतो, कारण मोदक चांगले करणाऱ्या बायका डोंबिवलीत शोधल्या तर सापडतील. असे नियम पाळणारं दुकान मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

ऑर्डर चार दिवस आधी. 11 किंवा 21, मधला आकडा नाही. एका संकष्टीला एकूण 120 मोदक, त्यापुढे एकही नाही. चंद्रोदय कधी आठच्या सुमारास असतो, कधी दहानंतर, पण डबा साडेसातला घरी येणार. चंद्र उशिरा उगवला म्हणून डबा उशिरा मिळणार नाही, कारण पावणेआठला ती अभ्यासाला बसते. शाळेच्या चाचणीच्या आदल्या दिवशी संकष्टी आली तर 60 च, निदान सुरुवातीला तरी. पोचवायला तिचा आठवीतला भाऊ सायकलवरून येतो आणि दारात उभा राहून "मोजून घ्या" म्हणतो. न मोजता आत वळलं तर तो हलत नाही.

हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर एका मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. "क्षमस्व" वगैरे शब्द त्यात कुठेही नाहीत. पहिल्यांदा वाचला तेव्हा जरा खटकलं, खोटं कशाला बोलू. एवढीशी पोर आणि काय हा तोरा! मग 120 हा आकडा कुठून आला ते विचारलं. ती म्हणाली, "एका मोदकाला मला दोन मिनिटं लागतात. 120 म्हणजे चार तास. खवणं, सारण, उकड धरून सहा. शाळा सुटल्यावर सहा तास नसतातच, म्हणून सारण आदल्या रात्री, उकड आणि मोदक दुसऱ्या दिवशी. आई अर्ध्या पाऱ्या करते. त्यापुढे गेलं की कळ्या वाकड्या येतात." छत्तीस वर्षं मी बँकेत कर्जाचे प्रस्ताव वाचले. आपली कुवत इतक्या सरळ सांगणारा अर्जदार विरळाच भेटला.

कागदोपत्री धंदा तिच्या आईचा आहे, आणि तसाच असायला हवा. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना लागणारी नोंदणी आईच्या नावावर आहे. 2025 मध्ये वर्षाला 12 लाखांच्या आत उलाढाल असेल तर या नोंदणीची फी वर्षाला अवघी 100 रुपये होती, पण घरून पदार्थ विकणारे कितीतरी जण ती करत नाहीत. या मोदकांच्या डब्यावर नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक छापलेला आहे. पैसे जातात तेही आईच्या क्यूआर कोडवर. मुलीने स्वतः व्यवहार करायचा म्हटलं तर आपला 1872 चा करार कायदा आडवा येतो. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल. मोहोरीबीबी विरुद्ध धर्मदास घोष, प्रिव्ही कौन्सिल (ब्रिटिश काळातलं सर्वांत वरचं कोर्ट), 1903. बँकेच्या परीक्षेला हा खटला आम्ही इतका घोकला होता की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. कायद्याच्या मराठीत अल्पवयीन व्यक्तीला "अज्ञान" म्हणतात. तर ही अज्ञान व्यक्ती मला नारळाचा भाव शिकवते.

तो किस्सा 2025 चा. त्या वर्षी नारळ किती कडाडले ते घरात स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला आठवत असेल. ऑगस्टमध्ये तिने मोदकाचा दर 25 वरून 30 केला. एरवी दर वाढला की दुकानदार एक पाटी लावतो आणि तोंड फिरवतो. या मुलीने वहीच्या पानाचा फोटोच पाठवला. पहिल्या वर्षी नारळ 28 ला, आता 55 ला. एका मोठ्या नारळात 14 मोदक. म्हणजे मोदकामागे नुसतं खोबरंच दोन रुपयांवरून चार रुपयांवर. गूळ, पिठी, खसखस-वेलची, गॅस, डबा सगळं धरून साडेदहा रुपये.

सवयीने मी आकडे तपासायला घेतले. बेरीज बरोबर होती, पण एक रकाना नव्हता. तिच्या घरी जाऊन विचारलं, "मजुरी कुठे धरलीस?"

"मजुरी मी स्वतःलाच कशी देणार, काका?"

"बरं, तुझी राहू दे. आईची?"

ती गप्प. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

हिशोब मीच मांडून दाखवला. 120 मोदकांवर खर्च वजा जाता 2,340 रुपये उरतात. तिचे सहा तास, आईचे चार, भावाचे दोन. बारा तासांना भागलं तर तासाला 195. म्हणजे जो नफा वाटतो तो सगळा अंगमेहनतीचा मोबदला आहे, आणि त्यातला निम्मा तिचा नाहीच. पुढच्या महिन्यात वहीत नवा रकाना आला होता. "आई, 4 तास, 400." भावाचे 100. तिची आई मला जिन्यात भेटल्या तेव्हा हसत म्हणाल्या, "काका, तुमच्यामुळे लेकीने मला पगारावर ठेवलंय. आता रजा मागायची कोणाकडे?"

अकरावीला कॉमर्स घेतल्यापासून वही आणखी कडक झाली आहे. घरच्या भाजीला धंद्यातला नारळ फोडला तर तो "उचल" म्हणून लिहिला जातो. आईला ते पसंत नाही. मुलीचे पैसे जातात तिच्या स्वतःच्या बचत खात्यात. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना आपलं खातं आपण चालवता येतं, बँकांना ती मुभा रिझर्व्ह बँकेने 2014 मध्येच दिली आहे. पालकांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असतं. आणि अज्ञान मुलाचं उत्पन्न एरवी आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवलं जात असलं, तरी स्वतःच्या मेहनतीने किंवा कौशल्याने कमावलेलं त्याचं त्याचंच राहतं. तिच्या आकड्यांना कर लागायला अजून पुष्कळ अवकाश आहे, पण आम्ही दोघांनी त्यावर एक संध्याकाळ घालवली. हिने चहा दोनदा टाकला.

या सेवेबद्दलची माझी सर्वांत मोठी तक्रार आणि सर्वांत मोठं कौतुक एकाच गोष्टीचं आहे. दहावीच्या वर्षी हे दुकान चार महिने बंद होतं. 18 डिसेंबर 2024, 17 जानेवारी, 16 फेब्रुवारी, 17 मार्च, या चारही संकष्ट्या कोरड्या गेल्या. मेसेज एवढाच, "दहावी. एप्रिलपासून सुरू." मी पुन्हा त्या रबरी मोदकांकडे गेलो आणि मनात चरफडलो. फेब्रुवारीत वशिला लावायचाही प्रयत्न केला. आपलं काय, अकराच तर हवेत, रविवारच आहे. तिच्या आईंनी फोन घेतला, "ती नाही म्हणाली हो," आणि विषय संपला.

17 मार्चला दहावीचा शेवटचा पेपर होता, भूगोलाचा, आणि नेमकी त्याच दिवशी संकष्टी. पेपर दुपारी एकला सुटतो. साध्या मनाने विचारलं, आज जमेल का. रात्री नऊला उत्तर, "काका, आज मी झोपले होते."

आता एवढं मानतो, चार महिने गिऱ्हाईक तुटेल या भीतीने ती रडतखडत करत राहिली असती तर मोदकही बिघडले असते आणि पेपरही. गिऱ्हाईक कुठे तुटलं? 16 एप्रिलच्या संकष्टीला 120 मोदकांची यादी पहिल्या अर्ध्या तासात भरली. मी नऊ वाजून दोन मिनिटांनी मेसेज केला होता, माझा नंबर सहावा.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून लहान वयातल्या उद्योजकांच्या बातम्या फिरतात. 2018 साली मुंबईतल्या तेरा वर्षांच्या तिलक मेहताने डबेवाल्यांना सोबत घेऊन कुरिअरची सेवा काढली होती. ती बातमी आमच्याकडे अजूनही ताजी म्हणून येते, त्यात तो कायम तेराचाच असतो. त्याखाली कोणीतरी आपल्या नातवाला उद्देशून "शिका काहीतरी" असं लिहितं. त्याच ग्रुपवर या मुलीबद्दल मात्र "अभ्यासाच्या वयात कसले मोदक विकायचे" असाही सूर निघाला. लिहिणाऱ्याने पंधरा दिवसांनी माझ्याकडे तिचा नंबर मागितला. दिला नाही.

तिच्या आयुष्यात अभ्यास आणि मोदक एवढंच असतं तर मी हे इतक्या खुशीने लिहिलं नसतं. ती ढोल-ताशा पथकात आहे. जुलैपासून सराव, आणि त्या दिवसांत तिच्या दोन्ही हातांच्या बोटांना पांढऱ्या चिकटपट्ट्या. टिपरू धरून धरून कातडी सोलवटते. तशा हाताने वाफाळती उकड मळायची म्हणजे काय होत असेल ते उकड मळणाऱ्यांनाच कळेल. त्या दोन महिन्यांत उकड आई मळते आणि ती फक्त कळ्या पाडते. बोटांची टोकं मोकळी राहतील अशा बेताने पट्ट्या लावलेल्या असतात.

मोदकवाल्यांची खरी दिवाळी म्हणजे गणेश चतुर्थी. 27 ऑगस्ट 2025 ला तिला पाचशे मोदकांच्या ऑर्डर मिळाल्या असत्या. घेतले 150, मामी मदतीला होती म्हणून. आणि शेवटचा डबा सकाळी साडेदहाला घराबाहेर. अकरापासून ती पथकात. दुपारी मी आणि नातू आगमनाची मिरवणूक बघायला उभे होतो, तर पांढरा कुडता, कमरेला तिच्याएवढाच ढोल, घामाने चिंब झालेली आणि तोंडभर हसणारी ती समोरून गेली. ओळख दाखवायला मान हलवली, हात काही थांबले नाहीत. नातू म्हणाला, "आजोबा, ही मोदकवाली ताई?" आमच्या घरात तोपर्यंत तिचं तेवढंच नाव होतं.

दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी ती घेतच नाही. का, हे डोंबिवलीकराला सांगायला नको. दिवाळी पहाटे सगळी तरुण मंडळी नटूनथटून फडके रोडवर गणपती मंदिराच्या आसपास जमतात, मग आदल्या रात्री चकल्या तळत कोण बसेल? हिने सुचवून पाहिलं, चकलीला चांगला भाव मिळेल. ती म्हणाली, "काकू, मग मी फडके रोडला झोपेत जाईन."

हातून चूक झाली नाही असं नाही. 10 सप्टेंबर 2025 ची संकष्टी. विसर्जन होऊन चारच दिवस झाले होते, पथकाचे शेवटचे दिवस जागरणाचे, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात चाचणी. अकरावीचे प्रवेश त्या वर्षी पहिल्यांदाच अख्ख्या राज्यात एकत्र ऑनलाइन झाले, कॉलेज सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला, त्यामुळे चाचण्या भराभर उरकायच्या होत्या. नियमाप्रमाणे 60 च घ्यायला हवे होते. तिने नव्वदच्या आसपास घेतले. त्या दिवशी साडेसातला डबा आला नाही. आठ झाले, साडेआठ झाले. ही खिडकीशी, मी दाराशी. पावणेनऊला बेल वाजली तर भावाऐवजी ती स्वतः. आणि मी डब्याला हात लावायच्या आत म्हणाली, "काका, 21 मधले सहा फुटलेत. सारण ओलं राहिलं. सहांचे पैसे कापून द्या, आणि नैवेद्याला वरचे पाच ठेवा, ते चांगले आहेत."

उघडून पाहिलं. बरोबर सहा. गुळाचा पाक बुडाशी गळून पान चिकट झालेलं. चिडायची तयारी मी पाऊण तास केली होती, ती वाया गेली. फुटलेले मोदक तुपात कालवून चमच्याने खाल्ले. चव तीच होती, हे तिला सांगितलं नाही, नाहीतर पैसे कापायला नको म्हणाली असती. 180 रुपये कापले. हिशोब म्हणजे हिशोब. पुढच्या महिन्याच्या मेसेजमध्ये एक ओळ नवी होती, "चाचणीच्या आदल्या दिवशी ऑर्डर बंद. 60 पण नाही."

6 जानेवारी 2026 च्या अंगारकीला 21 आले. वेळेवर, न फुटता. हिने आता कळ्या मोजणं सोडलं आहे. बारावीचं वेळापत्रकही तिने आत्ताच कळवून ठेवलं आहे, म्हणजे पुढच्या डिसेंबरपासून परीक्षा संपेपर्यंत पुन्हा आमच्या नशिबी रबर.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा मिठासाठी नाही आणि त्या सहांसाठीही नाही. तो निवगऱ्यांसाठी कापला आहे. उरलेल्या उकडीत हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर घालून थापलेल्या, वाफवलेल्या निवगऱ्या मला मोदकाहून प्रिय. दीड वर्ष विचारतोय. दर सांगशील तो देतो म्हटलं, आगाऊ देतो म्हटलं. एकदा साडेसातच्या आधी तिच्या घरी गेलो, तर ती, भाऊ आणि पथकातल्या दोन मैत्रिणी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून ताटलीतल्या शेवटच्या निवगरीवरून भांडत होत्या. माझ्याकडे बघून तिने ताटली पाठीमागे सरकवली.

"त्या विकायच्या नाहीत, काका."